गोल रिंगणातला वेग : फोर-स्ट्रोक इंजिन इथे का मागे पडतं?

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. फळ्यावर मांडलेली गणिते मजकुरात घेतली आहेत.)



मागच्या व्याख्यानानंतर एक मुलगा मला भेटायला थांबला होता. कॉलेजात शिकणारा, एनसीसीच्या एअर विंगमधला. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक इंजिन त्यानं माझ्यासमोर टेबलावर ठेवलं. दहा सीसीचं, फोर-स्ट्रोक, मॉडेल विमानाचं. ओळखीतल्या एका काकांनी घर आवरताना त्याला दिलेलं. म्हणाला, "सर, हे मी कंट्रोल-लाइनच्या स्पीड मॉडेलला लावू का? सगळे म्हणतात फोर-स्ट्रोक इंजिन जास्त चांगलं. मग स्पीडवाले ते वापरत का नाहीत?"

मी तेव्हा घाईत होतो. "अरे, त्यात दम नसतो," असं म्हणून मोकळा झालो. घरी गेल्यावर वाटलं, हे काही उत्तर नाही. एक तर ते अर्धवट आहे. आणि दुसरं म्हणजे त्या मुलाकडे दुसरं इंजिनच नाही. "दम नसतो" म्हटल्यावर तो ते पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकणार. म्हणून आजचा सगळा तास त्या एका प्रश्नाला. तो मुलगा आज इथे बसलाय, नाव सांगत नाही. (हशा)

तारेवरचं विमान

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. कंट्रोल-लाइन म्हणजे तारेनं बांधलेलं विमान. मध्ये माणूस उभा, त्याच्या हातात हँडल, हँडलपासून दोन बारीक पोलादी तारा विमानापर्यंत. विमानात बेलक्रँक नावाची एक छोटी त्रिकोणी पट्टी असते. मनगट वर झुकवलं की एक तार ओढली जाते, बेलक्रँक फिरतो, शेपटीचा एलेव्हेटर हलतो आणि विमान वर जातं. मनगट खाली, विमान खाली. डावं-उजवं नाहीच, कारण विमान गोलातच फिरणार. १९४०च्या सुमारास अमेरिकेत ओरेगॉन राज्यातल्या जिम वॉकर यांनी हा प्रकार लोकप्रिय केला.

आपल्याकडच्या खळ्यावरची मळणी आठवा. मध्ये तिवडा, त्याला बांधलेले बैल भोवती फिरतायत. फक्त इथला बैल ताशी तीनशे किलोमीटरनं फिरतो.

अतिशयोक्ती नाही. आंतरराष्ट्रीय एफएआय संघटनेचा स्पीडचा जो गट आहे, एफ-टू-ए, त्यात इंजिन जास्तीत जास्त २.५ सीसीचं. लुनाचं इंजिन ५० सीसीचं होतं, त्याच्या विसाव्या भागाएवढं. तारांची त्रिज्या १७.६९ मीटर. हा विचित्र आकडा कुठून आला? परीघ काढा : सुमारे १११ मीटर. नऊ फेऱ्या झाल्या की बरोबर एक किलोमीटर. त्या नऊ फेऱ्यांची वेळ मोजायची, बस्स. ताशी ३०० किलोमीटरला एक किलोमीटर बारा सेकंदांत संपतो. एक फेरी सव्वा-दीड सेकंदाची. उडवणारा माणूस मध्ये अक्षरशः गरगर फिरत असतो.

मैदानाच्या मध्यभागी एक खांब असतो, त्याच्यावर एक बेचकं. वेळ मोजताना उडवणाऱ्याचं मनगट त्या बेचक्यात असलं पाहिजे. का? कारण गोफण. गोफण फिरवताना आपण हात थोडा पुढे ओढतो आणि दगडाला वेग देतो. विमानालाही तसं हातानं ओढून वेग देता येतो. मग मोजणार काय, इंजिन की मनगट? म्हणून हात खांबापाशी जखडून टाकला.

आता ओढ किती बसते बघा. ३०० किलोमीटर ताशी म्हणजे सेकंदाला ८३ मीटर. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, हे शाळेतलं सूत्र. उत्तर येतं गुरुत्वाकर्षणाच्या चाळीसपट. अर्धा किलोचं विमान हाताला वीस किलोच्या पोत्यासारखं ओढतं, आणि ते दोन केसांएवढ्या तारांवर. हा आकडा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आरएक्स आणि सीडी

आता इंजिनाकडे. ज्यांची तरुणपणं १९८५नंतरच्या दहा-बारा वर्षांत गेली, त्यांना वेगळं सांगायला नको. यामाहा आरएक्स १०० आणि हिरो होंडा सीडी १००. दोन्ही साधारण शंभर सीसी. आरएक्सला अकराच्या आसपास हॉर्सपॉवर, सीडीला सात-साडेसात. सिग्नल सुटला की आरएक्स पुढे. पण पेट्रोल पंपावर कोण जास्त वेळा दिसायचा? तोही आरएक्सवालाच. (हशा)

यातच अर्धं उत्तर आहे. सीडीचं इंजिन फोर-स्ट्रोक. ओढणं, दाबणं, पेटणं, फेकणं, ही चार कामं चार वेगवेगळ्या दांड्यांमध्ये. पिस्टन दोनदा खाली, दोनदा वर. म्हणजे क्रँकच्या दोन फेऱ्यांत पेटणं एकदाच. आरएक्सचं टू-स्ट्रोक. त्यात दर फेरीला एकदा पेटतं. खालच्या क्रँककेसमध्ये ताजं मिश्रण दाबलं जातं, पिस्टन खाली येताना भिंतीतली भोकं, म्हणजे पोर्ट, उघडतात, जळलेला धूर बाहेर आणि ताजं मिश्रण आत, एकाच झटक्यात.

मग टू-स्ट्रोकची ताकद दुप्पट का नाही, दीडपटच का? कारण त्या झटक्यात ताज्या मिश्रणातलं काही धुराबरोबर बाहेर निसटतं. फोर-स्ट्रोक निवांत श्वास घेतं, निवांत सोडतं. एकेका पेटण्यातून ते नीट काम करून घेतं. म्हणून पेट्रोल कमी, धूर कमी, आवाज खालचा. लोक "फोर-स्ट्रोक चांगलं" म्हणतात ते याच अर्थानं, आणि रस्त्यावर ते बरोबरच आहे.

पण स्पीड मॉडेलची मोजणी बारा सेकंदांची आहे. तिथे ॲव्हरेज कोण विचारतो? एफ-टू-एचं इंधनसुद्धा सगळ्यांना एकच ठरवून दिलेलं : ८० टक्के मिथेनॉल, २० टक्के एरंडेल. हो, आजी पोट साफ करायला द्यायची तेच एरंडेल. (हशा) उष्णतेत टिकणारं त्यासारखं तेल कमी सापडतं.

सेकंदाला किती घास?

आता फळ्यावर एक हिशेब मांडू. इंजिनाची ताकद ढोबळमानानं कशावर ठरते? ते सेकंदाला किती मिश्रण गिळतं यावर.

एफ-टू-एचं टू-स्ट्रोक इंजिन हवेत मिनिटाला चाळीस हजार फेऱ्यांच्या आसपास फिरतं. सेकंदाला ६६७ फेऱ्या, म्हणजे ६६७ घास, प्रत्येक अडीच सीसीचा. एकूण सुमारे १६७० सीसी.

आता तेवढंच, अडीच सीसीचं, फोर-स्ट्रोक घ्या. नीट तयार केलंय आणि पंधरा हजार फेऱ्या देतंय असं धरू. सेकंदाला २५० फेऱ्या, पण घास एकाआड एक, म्हणजे १२५. एकूण सुमारे ३१२ सीसी. पाचपटीहून जास्त फरक.

इथे तुम्ही म्हणाल, पंधराच हजार का? त्यालाही चाळीस हजार फिरवा की! चांगला प्रश्न आहे. फोर-स्ट्रोकला व्हॉल्व्ह असतात. कॅम त्यांना ढकलून उघडतो आणि स्प्रिंग त्यांना परत बसवते. वेग वाढला की तेवढ्याच कमी वेळात व्हॉल्व्हनं जाऊन परत यायचं असतं, आणि त्यासाठी लागणारा जोर फेऱ्यांच्या वर्गानं वाढतो. पंधरा हजारांवरून चाळीस हजारांवर जायचं तर स्प्रिंगला सातपट जोर हवा. स्प्रिंग कमी पडली की व्हॉल्व्ह कॅमच्या मागे राहतो, बसायच्या वेळी उघडाच असतो, आणि कधीकधी वर येणाऱ्या पिस्टनला भेटतो. ती भेट दोघांची शेवटची. (हशा) टू-स्ट्रोकला हा त्रासच नाही, कारण त्याचं दार म्हणजे भिंतीतलं भोक आणि कडी म्हणजे खुद्द पिस्टन.

या भिंतीवर फार मोठ्या लोकांनी डोकं आपटलंय. होंडा कंपनीनं १९७९ मध्ये ५०० सीसी मोटरसायकल शर्यतीत टू-स्ट्रोकच्या गर्दीत फोर-स्ट्रोक उतरवलं, एनआर ५००. फेऱ्या वाढवायच्या तर व्हॉल्व्ह हलके आणि पुष्कळ हवेत, म्हणून त्यांनी पिस्टनच लांबट गोल केले आणि एका सिलिंडरला आठ, एकूण बत्तीस व्हॉल्व्ह बसवले. इंजिनिअरिंग म्हणून अचाट. पण जागतिक मालिकेतली एकही शर्यत त्यानं जिंकली नाही. शेवटी होंडानं टू-स्ट्रोक बनवलं आणि १९८३ मध्ये फ्रेडी स्पेन्सर त्यावर जगज्जेता झाला.

नळीतली जादू

टू-स्ट्रोककडे आणखी एक हुकमाचं पान आहे, ट्यून्ड पाइप. मघाशी म्हटलं, ताजं मिश्रण धुराबरोबर निसटतं. ही गळती भरून काढायची युक्ती सायलेन्सरच्या आकारात आहे. पोर्ट उघडलं की दाबाची एक लाट नळीतून धावते. नळी पुढे रुंद होत जाते, तेव्हा मागे ओढ तयार होते आणि धूर ओढून निघतो. नंतर नळी अरुंद होते, लाट तिथे आपटून परत फिरते आणि बाहेर पडू पाहणाऱ्या ताज्या मिश्रणाला पुन्हा आत ढकलते. पोर्ट बंद व्हायच्या आत, अगदी वेळेवर.

ही विद्या पूर्व जर्मनीतल्या एमझेड कारखान्यात वॉल्टर काडेन यांनी १९५०च्या दशकात पक्की केली. त्यांचा स्वार अर्न्स्ट डेग्नर १९६१च्या सप्टेंबरमध्ये, बर्लिनची भिंत उभी राहून महिनाच झाला असताना, स्वीडनमधल्या शर्यतीनंतर पश्चिमेकडे पळाला आणि सुझुकीला जाऊन मिळाला. दुसऱ्या वर्षी सुझुकीवर ५० सीसी गटाचा तो जगज्जेता होता. एका नळीचं ज्ञान किती मोलाचं होतं, बघा. पुढे १९६०च्याच दशकात अमेरिकेचे बिल विस्नीएव्हस्की यांच्यासारख्या लोकांनी ही नळी स्पीड मॉडेलवर आणली, आणि तिच्याशिवाय उभं राहणंच कठीण झालं.

फोर-स्ट्रोकला नळीचा फायदा होतो, पण थोडा. त्याचं दार व्हॉल्व्हनं घट्ट बंद होतं. गळतीच नाही, तर भरून काय काढणार?

घनमुळाचा दिलासा

इथपर्यंत फोर-स्ट्रोकची बाजू पडलेली दिसते. पण थांबा, आता गंमत आहे. पाचपट कमी ताकद म्हणजे पाचपट कमी वेग का? नाही!

हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो आणि त्याविरुद्ध लागणारी ताकद वेगाच्या घनानं. उलट बाजूनं बघा : ताकद आठवा भाग झाली तर वेग फक्त निम्मा होतो. आपल्या अडीच सीसी फोर-स्ट्रोकची ताकद पाचव्या भागापेक्षा थोडी कमी. घनमूळ काढलं तर वेग येतो ५७ टक्के, म्हणजे ३०० ऐवजी ताशी १७० किलोमीटर. एवढंसं इंजिन, व्हॉल्व्हवालं, आणि १७०! हे "दम नसतो" या सदरात बसत नाही, हे मला त्या रात्री घरी कागदावर कळलं.

मग दहा सीसीचं का नको, त्या मुलाच्या हातात आहे तसं? बारा हजार फेऱ्या धरू. सेकंदाला शंभर घास, प्रत्येक दहा सीसीचा, एकूण १००० सीसी. इंजिन चौपट मोठं, तरी खाणं त्या चिमुकल्या टू-स्ट्रोकच्या साठ टक्केच. साठ टक्क्यांचं घनमूळ काढून कागदावर ताशी २५० येतात. पण कागदावरच. दहा सीसीचं फोर-स्ट्रोक जड असतं, त्यामुळे विमान मोठं होतं. जड विमानाला जाड तारा लागतात. आणि स्पीड मॉडेलला हवेचा जो विरोध होतो, त्यातला फार मोठा वाटा विमानाचा नसतो, तारांचा असतो. सतरा-सतरा मीटरच्या दोन तारा हवा कापत फिरतायत, विचार करा. म्हणजे ताकदीसाठी आकार, आकारासाठी वजन, वजनासाठी तार, आणि तारेनं वेग खाल्ला.

हा निकाल नियमाचा आहे

आता मुद्द्याचं सांगतो. "कोणतं इंजिन चांगलं" या प्रश्नाला हवेत उत्तर नसतं, नियमपुस्तकात असतं. नियम म्हणतो, इंजिनाचा आकार सारखा. हा नियम लिहिला त्याच क्षणी टू-स्ट्रोक जिंकलं, कारण आकार मोजताना दर फेरीला पेटतं की एकाआड एक, हे कोणी मोजत नाही.

नियम बदला, निकाल बदलतो. मॉडेल एरोबॅटिक्समध्ये १९८०च्या दशकात टू-स्ट्रोकला १० सीसी आणि फोर-स्ट्रोकला २० सीसी अशी सूट दिली गेली. मोठ्या, सावकाश फिरणाऱ्या पंख्याचं, कमी आवाजाचं फोर-स्ट्रोक तिथे झपाट्यानं पसरलं. मोटरसायकलींमध्ये २००२ साली मोटोजीपी सुरू झाली तेव्हा ५०० सीसी टू-स्ट्रोकसमोर ९९० सीसीची फोर-स्ट्रोक उतरू दिली. पहिल्याच वर्षी फोर-स्ट्रोक होंडावर व्हॅलेंटिनो रॉसी जिंकला. इंजिनाचा सिद्धांत तोच, १८७६ साली ऑटोनं चालवून दाखवला तो. बदलली ती फक्त नियमातली एक ओळ.

आवाजाचंही तसंच. सेकंदाला ६६७ स्फोट म्हणजे तार सप्तकातली किंचाळी. फोर-स्ट्रोकचे १००-१२५ स्फोट म्हणजे त्याखाली सुमारे अडीच सप्तकं, खर्जातला घुमारा. आपला कान खर्जाला कमी दचकतो. मैदानाच्या चारी बाजूंनी इमारती उभ्या राहतायत. उद्या उडवायला जागा राहील की नाही हे शेजाऱ्यांच्या कानावर ठरणार असेल, तर वेगापेक्षा घुमारा जास्त कामाचा.

तर मग त्या इंजिनाचं काय करायचं?

आता त्या मुलासाठी, नाव न घेता. (हशा)

एक : माळ्यावर टाकू नकोस. एफ-टू-एच्या स्पर्धेत ते बसणार नाही, आकारच नियमाबाहेर आहे. पण तुमच्या गटात दोघा-तिघांकडे फोर-स्ट्रोक असतील तर तुमचा गट तुम्हीच करा. एकच आकार, एकच इंधन, एकाच लांबीच्या तारा. स्टॉपवॉचला जागतिक विक्रम माहीत नसतो, त्याला फक्त कालचा तू आणि आजचा तू कळतो.

दोन : पंखा निवडताना डोकं वापर. ताशी १८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५० मीटर. इंजिन सेकंदाला दोनशे फेऱ्या. म्हणजे दर फेरीला विमान पाव मीटर पुढे गेलं पाहिजे, सुमारे दहा इंच पिच. असा पंखा जमिनीवर मरगळलेला वाटतो, विमान वेग घ्यायला वेळ लावतं, आणि तेवढ्यात तारा सैल पडल्या तर विमान तुझ्याच अंगावर येतं. आधी कमी पिचवर उडव, मग वाढवत जा. आणि फोर-स्ट्रोक कधी उलटा झटका देऊन पंखाच भिरकावतं. त्याला डबल नट लावल्याशिवाय सुरू करू नकोस.

तीन : इंधनाची टाकी. गोलात फिरताना इंधन बाहेरच्या बाजूला दाबलं जातं. टाकी कार्बोरेटरपासून एक सेंटिमीटर बाहेर असली तरी इंजिनाला ती दहा-बारा सेंटिमीटर खोल विहीर वाटते. जमिनीवर छान चाललेलं इंजिन हवेत उपाशी पडतं ते यामुळे. सुई थोडी जास्त उघडी ठेवून सुरुवात कर.

चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. मघाचा आकडा आठवतोय? अर्धा किलो, ३०० किलोमीटर, वीस किलोची ओढ. आता तुझं विमान दीड किलोचं, तारा वीस मीटर, वेग फक्त १८०. हिशेब केला तर ओढ येते सुमारे एकोणीस किलो. म्हणजे "माझं तर हळू आहे" असं समजून बारीक तारा लावायच्या नाहीत. नियमपुस्तकात इंजिनाच्या आकाराला जी जाडी दिलीय तीच, आणि प्रत्येक उड्डाणाआधी तारा, हँडल, बेलक्रँक ओढून तपासायचे. मनगटाला सुरक्षेचा पट्टा. गोलाच्या आत कोणी नाही. आणि जवळपास विजेच्या तारा असतील तर विमान डब्यातच ठेवायचं. पोलादी तार हातात धरून आपण उभे असतो, हे विसरायचं नाही.

एक प्रश्न

(श्रोत्यांमधून : "पण सर, मैदानावर लोक टू-स्ट्रोक इंजिनाबद्दलसुद्धा 'आता ते फोर-स्ट्रोकमध्ये गेलं' असं म्हणतात. ते काय?")

छान विचारलंत, इथे बरेच जण फसतात. टू-स्ट्रोकला मिश्रण फार दाट दिलं की ते दर फेरीला पेटत नाही, एकाआड एक फेरीला पेटतं. आवाज एकदम जाड होतो. त्याला मैदानावर "फोर-स्ट्रोक करतंय" म्हणतात. इंजिन तेच, व्हॉल्व्ह वगैरे काही उगवत नाहीत. कसरतीची विमानं उडवणारे हे मुद्दाम करतात : सपाट उडताना सुस्त, वर चढताना आपोआप जोरात. स्पीडवाल्यांना मात्र हा आवाज नको असतो. त्यांना अखंड किंचाळी हवी.

आणि हे ऐकायची सवय लागली ना, की इंजिन न बघताही तुम्ही सांगाल, मिश्रण दाट आहे की पातळ. मागे बसलेल्या आपल्या मित्रानं पुढच्या वेळी ते इंजिन घेऊन यावं. गुंडाळून नको, स्टँडवर बसवून. सभागृहात नाही, बाहेर मैदानात सुरू करू.